तीन पदर, चार नाड्या: मास्कच्या कामाच्या नोंदी, ठाणे, २०२०

१४ मार्च, शनिवार

सकाळीच मेहुणीचा फोन. ती मुंबईतल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. "भाऊजी, तुमचं रोजचं काम खरेदीचं. कुठे एन-९५ मिळतात का बघा ना. एक मास्क आठवडाभर पुरवायला सांगितलंय आम्हाला."

वागळे इस्टेटमधल्या आमच्या पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं खरेदी आणि स्टोअर्स सांभाळतोय. न मिळणारा माल मिळवणं हेच काम, त्यामुळे दुपारपर्यंत होईल असं वाटलं. नौपाड्यातून निघालो; गोखले रोड, राम मारुती रोड, स्टेशनजवळची गल्ली, शेवटी जांभळी नाका. अकरा औषधांची दुकानं झाली. एन-९५ एकाकडेही नाही. तीन पदरी साधे मास्क दोन ठिकाणी होते, एकीकडे पंचवीस रुपये नग, दुसरीकडे तीस. खोकं नाही, सुटे, बरणीतून काढून दिले. बिल मागितलं तर "मग राहू द्या" म्हणाला.

केंद्राने कालच मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले, ३० जूनपर्यंत. म्हणजे साठेबाजी आता गुन्हा. पण वस्तूच दिसत नसेल तर साठा कुणाकडे आहे हे माझ्यासारख्याने शोधायचं कसं?

दहा नग घेतले. बिलाविना. नोंद म्हणून लिहून ठेवतो: १० × ३० = ३०० रुपये.

१५ मार्च, रविवार

कालच्या दहांपैकी दोन मास्क जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापले. माल आला की पहिला नग तपासायचा, ही सवय.

खऱ्या तीन पदरी मास्कमध्ये बाहेरचे दोन पदर स्पनबॉन्डचे असतात, म्हणजे दुकानात मिळायच्या त्या नॉन-वोव्हन पिशवीचंच कापड, फक्त पातळ. काम करतो तो मधला पदर, मेल्ट-ब्लोन. पॉलिप्रॉपिलीन वितळवून बारीक छिद्रांतून गरम हवेच्या झोतात सोडलं की केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू एकमेकांवर बसत जातात. त्यांच्यावर विद्युतभार चढवलेला असतो. मास्क म्हणजे पीठ चाळायची चाळण, ही आपली समजूत अर्धीच खरी. अगदी बारीक कण छिद्रातून जाऊ शकतात, पण तंतूवरच्या भारामुळे ते ओढले जाऊन चिकटतात. एन-९५ मधला ९५ हा आकडा ०.३ मायक्रॉनच्या कणांचा आहे: शंभरातले किमान पंच्याण्णव अडले पाहिजेत. म्हणूनच एन-९५ साबणाने धुवायचा नाही आणि त्याला स्पिरिट पुसायचं नाही. भार गेला की वरून मास्क तसाच दिसतो, आत नुसतं कापड उरतं.

माझ्या कापलेल्या दोन्हींत पदर तीनच होते, पण तिन्ही एकसारखे. मधला दिव्यासमोर धरला तर स्पनबॉन्डचे ते ठिपके ठिपके स्पष्ट दिसले. कागदाचे बारीक कपटे केले आणि वर धरला, एकही उचलला गेला नाही. तीस रुपयांत पिशवीचे तीन तुकडे.

बायको म्हणाली, निदान शिंक तरी अडेल. तेवढं खरं आहे. पण तापाच्या वॉर्डात उभ्या राहणाऱ्या बाईला हे देऊन चालणार नाही. खोटा मास्क नसण्यापेक्षा वाईट; घालणारा निर्धास्त होऊन जवळ जातो.

१६ मार्च

कारखान्याच्या स्टोअर्समध्ये पावडर कोटिंगवाल्यांसाठी आणलेले धुळीचे मास्क आठवले. खोकं काढलं, चौदा शिल्लक. वर आयएस ९४७३ आणि एफएफपी२ असं छापलेलं. आपल्याकडचं हे भारतीय मानक. एफएफपी२ म्हणजे जवळपास एन-९५ च्याच पंगतीतला. मालकांशी बोललो. पावडर कोटिंग तसंही बंदच ठेवतोय, म्हणाले. दोन ठेवून बारा घेऊन जा. मेहुणीकडे संध्याकाळी पोचवले. पुढे झडप आहे, श्वास सोडायला सोपं जातं. तिने सहा आपल्या वॉर्डातल्या दुसऱ्या पाळीच्या नर्सना दिले.

२१ मार्च

केंद्राने कमाल किमती ठरवल्या. तीन पदरी १० रुपये, दोन पदरी ८ रुपये, सॅनिटायझरच्या २०० मिलिलिटरला १०० रुपये. परवा मास्कच्या निर्यातीवरही बंदी आली. संध्याकाळी त्याच दोन दुकानांत गेलो. आता तिथे "माल नाही".

२५ मार्च, बुधवार, गुढीपाडवा

आजपासून एकवीस दिवस देश बंद. लोकल रविवार रात्रीपासूनच बंद आहेत. मेहुणी एसटीच्या अत्यावश्यक सेवेच्या गाडीने जाते-येते. गुढी गॅलरीतच उभी केली. गुढीसाठी बायकोने कपाटातून खण काढला आणि त्याच वेळी त्याखालची ब्लाऊज पिसांची चळत दिसली.

मराठी घरात ही चळत असतेच. ओटीत आलेले, हळदीकुंकवाला मिळालेले, पुढच्या कुणाला तरी द्यायचे म्हणून ठेवलेले. आमच्याच घरात एकतीस निघाले. इमारतीत बत्तीस बिऱ्हाडं आहेत. बाजार बंद असला तरी कापड आपल्याच कपाटांत पडलंय, एवढा हिशेब डोक्यात बसला आणि दुपारी मजल्यामजल्यावर विचारायला निघालो, लांबून, जिन्यातूनच.

२८ मार्च

जमा: ब्लाऊज पिसं २१४. शिवणयंत्रं पाच, त्यातली तीन पायमशीन. तळमजल्यावरचे टेलर मास्तर या कामाचे प्रमुख. त्यांचं सावरकर नगरचं दुकान बंद आहे, कामाला हात शिवशिवतात म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, त्यांनी मशीन स्वतःच उघडून तेल घातलं.

कापड निवडणं मी घेतलं. प्रत्येक पिसाचा एक धागा काढून गॅसवर धरायचा. सुती असेल तर कागदासारखा जळतो, वास कागदाचा, मागे राख उरते आणि ती बोटाने चुरडते. पॉलिस्टर असेल तर आकसतो आणि टोकाला कडक मणी होतो. २१४ मधली फक्त ८८ सुती निघाली, बहुतेक टू बाय टू. बाकी सगळी चकाकणारी, त्यांतून श्वास नीट येत नाही, घाम शोषला जात नाही. ज्यांची पिसं परत केली त्यांतल्या एक वहिनी दुखावल्या. त्यांच्या सासूबाईंनी दिलेलं पीस होतं ते. मी धागा जाळून दाखवला, पण तो क्षण चांगला गेला नाही. पुढे कुणाचं पीस परत करायचं तर बायकोने जावं असं ठरलं.

१ एप्रिल

प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरगुती मास्कची पुस्तिका काढली आहे. मोबाइलवर आली, मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवली. सुती कापड, चुण्या, चार नाड्या. धुण्याची रीत मात्र नीट लिहून घेतली: साबण आणि कोमट पाण्याने धुवून कडक उन्हात किमान पाच तास, किंवा कुकरमध्ये पाण्यात मीठ घालून किमान दहा मिनिटं, कुकर नसेल तर उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं.

काकूंनी लगेच विचारलं, दहा मिनिटं म्हणजे किती शिट्ट्या? शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा, असं सांगितलं. मास्कबरोबर द्यायच्या चिठ्ठीतही तसंच छापायचं.

४ एप्रिल

नाकावरच्या तारेचा प्रश्न. तार नसेल तर वरून फट राहते, चष्मा धुकटतो, लोक मास्क नाकाखाली ओढतात. बांधकामाची बांधायची तार चालत नाही, गंजते आणि टोक कापडातून बाहेर येतं. माझ्या टूलबॉक्समध्ये जुन्या टेलिफोन जोडणीची जंपर वायर होती, आत एकच तांब्याची तार, वर प्लॅस्टिकचं आवरण. चार इंचांचा तुकडा, दोन्ही टोकं पाव इंच उलटी वळवून दाबायची. पाच वेळा धुतला, कुकरमध्ये तीनदा घातला, तारेला काही झालं नाही. आवरण थोडं मऊ पडलं, एवढंच.

९ एप्रिल

मुंबईत कालपासून घराबाहेर मास्क सक्तीचा. ठाण्यातही सगळे धावले. आज एका दिवसात ४० फोन. कचरा उचलणाऱ्या घंटागाडीवरच्या सहा जणांना पहिले बारा मास्क दिले, प्रत्येकी दोन. एक धुतलेला, एक तोंडावर. त्यांच्यातले दोघं आतापर्यंत तोंडाला गमछा बांधून लोकांच्या घरातला कचरा हातात घेत होते, आणि त्यात वापरलेले मास्कही होते. रांगेत त्यांचा नंबर पहिला असायला हवा होता. आपण सगळ्यांनीच त्यांना शेवटी ठेवलं. याचा मला राग आहे आणि तो इथे लिहून ठेवतो.

१२ एप्रिल

इलॅस्टिक संपलं. उल्हासनगरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन केला, गोदाम बंद, आणि असेल तर चौपट भाव. मी इलॅस्टिकच्या मागे धावणं सोडून दिलं. कुकरमध्ये इलॅस्टिक तीन वेळांतच सैल पडतं, हे जंपर वायरच्या चाचणीत दिसलंच होतं. नाडी मात्र कापडाबरोबर टिकते. शिवाय कानामागे कापत नाही. आठ-दहा तास मास्क घालणाऱ्याला त्याचं महत्त्व कळतं.

काही मुलांनी जुन्या टी-शर्टच्या पट्ट्या कापून आणल्या. होजिअरीची पट्टी ओढली की आपोआप गुंडाळली जाते, शिवावी लागत नाही. छान आहे. लहानांच्या मास्कना तीच लावू.

१७ एप्रिल

परवाना मिळालेल्या एका गाडीतून भिवंडीहून कोरं सुती कापड आलं, दोन थान, मिळून ९० मीटर, पन्हा ३६ इंच. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ कापडाचे दलाल, त्यांच्या गोदामातलं. माग बंद आहेत, हा जुना साठा. त्यांनी पैसे घेतले नाहीत, मी बिल मात्र मागून घेतलं, शून्य रकमेचं.

आता कटिंगचा हिशेब, कारण इथेच कापड वाचतं. एका पदराचा तुकडा १० इंच बाय ८ इंच. मीटर-मीटर फाडून कापलं तर ३९ इंचांत दहा-दहाचे तीनच तुकडे बसतात, पन्ह्यात आठ-आठचे चार, म्हणजे मीटरला १२. दर मीटरला नऊ इंच वाया. मास्तर म्हणाले, थान अख्खं अंथरा. दहा मीटर सलग अंथरलं तर लांबीत ३९ तुकडे येतात, गुणिले चार, १५६. मीटर-मीटरने तेवढ्यातच १२० आले असते.

आणि पन्ह्याच्या बाजूला चार इंचांची पट्टी उरते, ती टाकायची नाही. तिच्या एकेक इंचाच्या चार पट्ट्या, दुमडून टीप मारली की नाडी. दहा मीटरला ४० मीटर नाडी. एका मास्कला पंधरा इंचांच्या चार नाड्या, म्हणजे दीड मीटर. तीन पदरी ५२ मास्क निघतात, त्यांतल्या २६ मास्कची नाडी फुकटात सुटली. उरलेल्यांना ब्लाऊज पिसांच्या कडा.

मी बावीस वर्षं माल मोजतोय. पण जमिनीवर अंथरलेल्या कापडावर खडूने रेघा मारताना मास्तरांचा हात ज्या खात्रीने चालतो, ते आज पहिल्यांदा शेजारी बसून पाहिलं.

१९ एप्रिल

मेहुणीकडे आता पाच एन-९५ आले, रुग्णालयानेच दिले. पाच पिशव्या, पाच दिवस, आलटून पालटून. आज वापरलेला कागदी पिशवीत ठेवायचा, त्यावर आकडा, पुढची पाळी पाचव्या दिवसानंतर. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते म्हणून कागदच हवा. रद्दीतून १५० पिशव्या आम्ही केल्या, काकूंनी खळ शिजवली. वॉर्डात पोचल्या.

२४ एप्रिल

चूक झाली, माझी. कोरं कापड धुतल्याशिवाय कापलं. मास्तरांनी विचारलं होतं, मीच म्हणालो वेळ नाही. १३० मास्क वाटून झाले, आणि दोन दिवसांत फोन यायला लागले: धुतल्यावर आटला, हनुवटी उघडी पडते. घरी एक धुवून मोजला, लांबीत जवळपास पाऊण इंच गेला होता.

जे परत आले ते ९४. सगळे उसवले, लहान मुलांच्या मापाला, सात बाय पाचला, पुन्हा शिवले. उरलेलं थान आंघोळीच्या बादल्यांमध्ये रात्रभर भिजत घातलं आणि गच्चीवर वाळवलं. चार दिवस गेले. ३६ जणांकडचे परत आलेले नाहीत, त्यांची नावं वहीत आहेत, एकेकाला फोन करतोय.

३० एप्रिल

३६ पैकी ३१ बदलून दिले.

१० मे

पाच दिवस माजिवड्याला नाशिक महामार्गाच्या कडेला उभा होतो, आमच्या भागातल्या मुलांबरोबर. ते पाणी आणि केळी देतात, मी मास्क. माणसं चालत निघालीत, कुणी वसईहून, कुणी नवी मुंबईहून, पुढे खारेगाव, भिवंडी, कसारा घाट. तोंडाला ओढणी, गमछा, रुमाल. आटलेल्या कापडाचे लहान मास्क इथे कामी आले. एका बापाने खांद्यावरच्या मुलीला स्वतः बांधून पाहिला, नाडी मागे नीट गाठ मारली, आणि मग स्वतःसाठी मागितला. किती दिले याचा आकडा आहे, २८०. पण चपलांचा प्रश्न मास्कपेक्षा मोठा होता आणि तो माझ्याकडून सुटला नाही.

३ जून

निसर्ग वादळ. अलिबागजवळ दुपारी किनाऱ्याला लागलं, इथे पाऊस आणि वारा. गच्चीवरचं कापड रात्रीच काढलं होतं. ऊन आता महिनोन्‌महिने नीट मिळणार नाही, म्हणून चिठ्ठी बदलली: पावसाळ्यात कुकर आणि मग गरम इस्त्री. ओला मास्क घालू नये, हे ठळक अक्षरात.

७ जून

जागतिक आरोग्य संघटनेने परवा कापडी मास्कबद्दल नवं मार्गदर्शन दिलं. तीन पदर हवेत: आतला सुती, घाम आणि थुंकी शोषणारा, मधला पॉलिप्रॉपिलीनचा, विणकाम नसलेला, बाहेरचा पाणी न शोषणारा, पॉलिस्टर किंवा तसा. मार्चमध्ये परत केलेली चकाकणारी ब्लाऊज पिसं आठवली. तेव्हा सगळे पदर पॉलिस्टरचे नकोत एवढंच कळलं होतं, बाहेरच्या एका पदराला ती चालली असती. त्या वहिनींकडे आज स्वतः गेलो, पीस मागून घेतलं. त्यांनी दिलं.

मधल्या पदरासाठी स्पनबॉन्ड. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत नॉन-वोव्हन पिशव्याही बंद झाल्या, तेव्हापासून एका पिशवीवाल्याकडे रोल पडून होता. मेल्ट-ब्लोन नव्हे, हे चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं. इस्त्री लावली की हा पदर वितळतो, म्हणून या मास्कना वेगळ्या रंगाची नाडी आणि "इस्त्री नको" ही सूचना. दोन प्रकारच्या सूचना लोकांना गोंधळात टाकतील अशी भीती आहे. शंभरच केले.

२ जुलै

ठाण्यात पुन्हा कडक बंद, १२ तारखेपर्यंत. मास्तरांचं उघडलेलं दुकान परत बंद.

२२ जुलै

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र आलंय, झडपेचे एन-९५ वापरू नका म्हणून. आत येणारी हवा मास्कच्या कापडातून गाळली जाते, बाहेर जाणारी मात्र झडप तशीच सोडते. घालणारा आजारी असेल तर समोरच्याला काहीच आडोसा नाही. मार्चमध्ये मेहुणीला दिलेले बारा नग तसलेच होते. फोन केला. ती म्हणाली, "भाऊजी, तेव्हा ते नसते तर आमच्याकडे काहीच नव्हतं." ते ठीक, पण मला झडपेचा अर्थ तेव्हाच कळायला हवा होता, धुळीच्या मास्कला ती का असते याचा विचार करायला हवा होता. धूळ माणसाच्या तोंडातून बाहेर येत नाही, म्हणून तिथे चालते. बाजारात अजून ते सर्रास विकले जातात, लोक महागडे म्हणून ऐटीत घालतात. इमारतीत नऊ जणांकडे निघाले. त्यावरून आमचा तीन पदरी कापडी बांधा असं सांगितलं, सहांनी ऐकलं.

२१ ऑक्टोबर

राज्याने काल मास्कचे दर बांधून दिले. एन-९५ प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये. दोन आणि तीन पदरी ३ ते ४ रुपये. वहीचं पहिलं पान काढलं: १० × ३० = ३००, बिल नाही.

नौपाड्यातल्या एका दुकानात जाऊन विचारलं. एन-९५, झडपेविना, ४९ रुपये, खोक्यातून काढून दाखवला. वीस घेतले, ९८० रुपये, बिल घेतलं, बॅच नंबर उतरवून घेतला. घरी एक कापला. मधल्या पदराने कागदाचे कपटे उचलले. उरलेले एकोणीस उद्या सकाळच्या गाडीने मेहुणीबरोबर जातील.

कापडी मास्क आजवर एकूण २,६१०. मास्तरांकडे दिवाळीच्या ब्लाऊजची ऑर्डर आली आहे, म्हणून मशीन उद्यापासून त्यांची. काकूंचं मशीन इथेच राहील. पट्टा नवा बसवायचाय.